झाकलेला भाऊ

कॉम्प्युटरमधली हत्यारं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये खोडरबर आणि फोटोतला हवा तो भाग झाकणारा पडदा शेजारी शेजारी राहत. खोडरबराला आपल्या सफाईचा भारी तोरा. "मी पुसलं की मागे खूणसुद्धा राहत नाही," असं तो येता-जाता ऐकवी.

एकदा इंदुमतीबाई आपल्या लग्नाचा फोटो घेऊन आल्या. "भाऊबीजेला ताट घेऊन बसले, पण आमचा मुकुंदा आलाच नाही. त्याला यातून काढा!"

खोडरबर टुणकन पुढे झाला; पण स्टुडिओवाल्या शैलाने बोलावलं पडद्याला. पडदा फोटोवर पसरला, त्यावर काळा ब्रश फिरला आणि कडेचा मुकुंदा दिसेनासा झाला. तिथं नुसती निळी भिंत उरली.

"हे काय काम झालं?" खोडरबर फणकारला. "तो आत आहेच की! नुसता झाकलास."

"झाकलाच," पडदा म्हणाला.

पुढच्या दिवाळीत इंदुमतीबाई पुन्हा आल्या, सोबत मुकुंदा. "बाई, याला परत आणता येईल का हो? यंदा आपणहून ओवाळून घ्यायला आला."

खोडरबर विचारात पडला. आपण पुसला असता, तर आता कुठून आणला असता?

पडद्यावर पांढरा ब्रश फिरला. आधी फेटा दिसला, मग बहिणीकडे बघून हसणारा मुकुंदा. बाईंनी पदराने डोळे टिपले.

तेवढ्यात एका तरुणाने टेबलावर फोटो आपटला. "हा माझा मित्रच नव्हे! कायमचा पुसा याला!"

खोडरबर हळूच मागे सरला.

"पडद्या, तूच जा बाबा," तो म्हणाला. "पोरगा रागात आहे."