नावजीची शेवटची चढाई

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता नव्हता आणि श्रावणात डोंगर ढगातून डोकं बाहेर काढायचा नाही, तेव्हाची ही गोष्ट. कातळवेढे नावाचं गाव होतं. अजून आहे. त्या गावात नावजी नावाचा हुतूतूचा गडी होऊन गेला. त्याच्यासारखा दम कुणाच्या छातीत नव्हता आणि त्याच्यासारखी निराशा कुणी केली नाही, असं म्हणतात. यातलं पहिलं खरं आहे. दुसरं कसं घडलं ते सांगते. नीट ऐका, कारण गावातली माणसं ते अर्धंच सांगतात.

नावजीची आई सारजा. नवरा लवकर गेला, घर डोंगराच्या अगदी कडेला, सगळ्यांत शेवटचं. पावसाळ्यात लाकडं ओली, शेण्या ओल्या. सारजा फुंकणी घेऊन चुलीपुढं बसायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची. एक दिवस रांगत्या नावजीनं तिच्या हातातली फुंकणी ओढली, तोंडाला लावली आणि फू केलं. ओली लाकडं धडधडून पेटली. भिंतीपलीकडची शेजारणीची चूलही पेटली, असं म्हणतात. शेजारीण ओरडत आली, "अगं सारजे, पोराला आवर! माझ्या चुलीवर रिकामं पातेलं होतं, करपलं की!"

पोरगा वाढला तसा दमही वाढला. हुतूतू म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक आहे. एका श्वासात "हुतूतू हुतूतू" म्हणत मधली रेघ ओलांडायची, पलीकडच्या गड्यांना शिवायचं आणि तोच श्वास टिकवून परत रेघेला यायचं. पलीकडं दम तुटला की गडी मेला, बाहेर बसला. नावजी पलीकडं गेला की तुटायचं नावच नाही. तो चढाईला निघाला की बाया पाणवठ्यावर जायच्या, घागरी भरून, दोन गोष्टी बोलून परत यायच्या, तरी ह्याचं हुतूतू चालूच. एका चढाईत कोंबडीची अंडी उबून पिल्लं बाहेर आली, असंही म्हणतात. ते खोटं आहे. पण लोकांना असलं खोटं बोलावंसं वाटावं, असा तो गडी होता.

आता चुलीचं ऐका, कारण सगळं तिथंच बिघडलं.

नावजी पहिल्यांदा नदीपलीकडच्या गावाशी खेळायला गेला तो दिवस नागपंचमीचा. सारजेच्या जिवाला घोर. नदीला पाणी, पलीकडचे गडी रेड्यासारखे. तिला चूल पेटवायचं सुचलंच नाही. उंबऱ्यावर बसून राहिली. दुपारी पोरगा जिंकून आला, एकट्यानं अख्खा डाव मारून आला, तेव्हा कुठं तिनं विस्तव केला. एवढीच गोष्ट. पण हैबती पाटलांनी ती पाहिली. पाटील माणूस वाईट नव्हता, हौशी होता. हौशी माणूस जेवढं वाटोळं करतो तेवढं वाईट माणूस करत नाही, हे माझं मत लिहून ठेवा.

पाटील चावडीत म्हणाले, "सारजेची चूल थंड राहिली म्हणून पोरगा तापला. पुढच्या खेळाला सगळ्या गावाची चूल थंड ठेवू. मग बघा!"

लोकांना पटलं. नावजी खेळायला गेला की तो जिंकल्याची खबर येईपर्यंत कातळवेढ्यात कुणी चूल पेटवायची नाही, असा नेम पडला. खेळ शेजारच्या गावात असायचा, दुपारपर्यंत खबर यायची, उशिरा का होईना पण गरम भाकरी मिळायची. पोरं मजेनं उपाशी राहायची. "आमच्या भुकेवर नावजीदादा जिंकतो," अशी फुशारकी मारायची. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

नावजीचं नाव घाट उतरून गेलं. खाली एक संस्थान होतं. तिथले राजेसाहेब पहिलवान पाळायचे तसा हुतूतूचा पगारी संघ पाळायचे. त्यांनी नावजीला बोलावून घेतलं. अंगावर बंद गळ्याचा कोट, रोजचं दूध, तूप, बदाम. आणि नावजी एकही डाव खेळायच्या आधी त्यांनी दवंडी पिटवली, "ज्याचा दम संपत नाही असा गडी आपल्या संस्थानात आलेला आहे हो!" बाजारात त्याचं नाव, हजामाच्या पाटावर त्याचं नाव. पैजा लागल्या. न पाहिलेल्या माणसाचं एवढं कौतुक करायचं काही कारण होतं का? पण गर्दीला कोण विचारणार!

इकडं पाटलांनी घाटमाथ्यावर शिंगवाला बसवला. नावजी जिंकला की खालून माणूस घाट चढून यायचा आणि माथ्यावर शिंग वाजायचं. शिंग वाजलं की चुली पेटवायच्या. खबर यायला आता दिवस लागे, कधी दुसरा दिवस उजाडे. पाटलांनी नावजीला मोठ्या अभिमानानं सांगावा धाडला, "तू निर्धास्त खेळ. तुझ्या विजयाचं शिंग ऐकल्याबिगर गाव घास गरम करत नाही."

निर्धास्त! ऐकताय ना?

पहिला सामना झाला. मैदानाभोवती माणसांच्या भिंती. नावजीनं रेघेला पाय लावला, छाती भरली, "हुतूतू" करत पलीकडं शिरला. दोन पावलं गेला आणि त्याच्या डोळ्यांपुढं गाव आलं. दिवेलागणीची वेळ, ओली छपरं, आणि एकाही छपरावर धूर नाही. ओसरीवर बसून पोरं घाटमाथ्याकडं कान लावून आहेत. कुणालाही न शिवता तो घाईनं रेघेला परत आला.

गर्दीतून एक जण ओरडला, "पाव्हणं, दम घरी विसरून आलात जणू!" आणि सगळं मैदान हसलं.

नावजीनं पाटलांना उलट्या पावली सांगावा पाठवला, "आबा, गावाला म्हणावं आधी चुली पेटवा. मग मी खेळतो." पाटील चावडीत मांडीवर थाप मारून हसले. "बघा पोराचा विनय! एवढा मोठा झाला तरी गावाच्या पोटाची काळजी!" आणि नेम तसाच राहिला. माणसानं जीव तोडून सांगावं आणि लोकांनी त्याचं कौतुक करावं, याहून मोठा बहिरेपणा मी पाहिलेला नाही.

तो हरत गेला. शिंग वाजायचं नाही, तेव्हा गाव दुसरा दिवस उजाडेपर्यंत वाट बघायचं आणि मग मुकाट्यानं चुली पेटवायचं. संस्थानाच्या वस्तादानं त्याला चांगलं पारखलं होतं. वस्ताद म्हणाला, "छाती सोन्याची आहे रे तुझी. पण तुला गावात कधी कुणी पकडलंच नाही, त्यामुळं पकड सोडवायला तू शिकला नाहीस. ते मी शिकवीन. पण रेघ ओलांडली की तू मागं वळून काय बघतोस ते सांग." नावजीनं सांगितलं नाही. कोटवाल्या माणसांपुढं "माझं गाव उपाशी आहे" असं कसं सांगायचं? गावाची लाज जाते. हा त्याचा दोष. तोही लपवायचा नाही.

राजेसाहेबांनी शेवटचा एक डाव दिला, नागपंचमीचा. जिंकलास तर राहा, हरलास तर कोट उतरव आणि जा.

ते ऐकून कातळवेढ्यात पाटलांनी नेम अजून आवळला. "आता शिंग वाजेपर्यंत चूल नाही. मग कितीही वेळ लागो." पाऊस झडीचा. कोंडाळकरांची सून नुकती बाळंत झालेली, तान्ही मुलगी कुशीत. शेकायला निखारा नाही, आंघोळीला कढत पाणी नाही. बाळंतीण काही बोलली नाही. तिच्या सासूनंच तिला बोलू दिलं नाही.

बोलली ती सारजा. नागपंचमीच्या सकाळी तिनं सरळ चूल पेटवली. कडेच्या घरावर धूर दिसला तसे पाटील चार माणसं घेऊन गेले.

"सारजे, गावाचा नेम मोडतीस? स्वतःच्या पोराच्या कष्टांवर पाणी फिरवतीस?"

"पोराच्या पायांत तुम्ही गावच्या चुली बांधल्यात, पाटील. माझी एक तरी सोडवते. जा, तुमच्या पण पेटवा. तो खाली मोकळा खेळंल."

"बाईमाणसाला खेळातलं काय कळतंय?"

"खेळातलं नसंल कळत. भुकेतलं कळतंय."

पाटलांच्या माणसानं कोपऱ्यातली घागर उचलली आणि चुलीत ओतली. निखारे चर्र झाले. राख ओसरीपर्यंत वाहत गेली.

खाली त्याच दिवशी नावजी हरला. चढाईला गेला, पलीकडच्या गड्यांनी पाय धरले आणि मैदानाच्या मध्यावर त्याचा दम तुटला. आयुष्यात पहिल्यांदा तुटला. या वेळी कुणी हसलंही नाही. लोक उठून घरी गेले. त्यानं कोटाच्या गुंड्या काढल्या, घडी घातली, वस्तादाच्या पायाशी ठेवला.

घाटमाथ्यावर शिंग वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हरल्याची खबर घेऊन गावात यायला कुणी धजेना. लोक पाण्यात पीठ कालवून प्यायले. पोरं खोकायला लागली. "सारजेनं चूल पेटवली म्हणून पोरगा हरला असणार," असं बायाच बायांशी कुजबुजायला लागल्या. चूल मात्र कुणी पेटवली नाही. पाटलांना भिऊन नाही हो. आपल्याच घरावर पहिला धूर दिसू नये म्हणून.

आणि मग दिवेलागणीच्या वेळी, पावसात, नावजी स्वतः वेशीत आला.

त्यानं वर पाहिलं. एकाही छपरावर धूर नाही. जे दृश्य त्याला रेघेपलीकडं दिसत होतं, तेच समोर. पाटील छत्रीखालून पुढं झाले. "नावजी, काय झालं? शिंग कसं वाजलं नाही?"

नावजीनं वेशीच्या दगडाशी, जशी मैदानात ओढतात तशी, पायाच्या अंगठ्यानं चिखलात रेघ ओढली. छाती भरली. रेघ ओलांडली आणि पहिल्या दारात शिरला.

ते घर कोंडाळकरांचं. थंड चुलीपुढं गुडघे टेकून त्यानं फुंकर घातली आणि जाळ झाला. बाळंतिणीनं मुलीला उबेकडं वळवलं. तो तिथून पुढच्या घरात, तिथून पुढच्या. एका श्वासात, बायांनो. वेशीत घेतलेल्या त्या एकाच श्वासात त्यानं ओळीनं गावच्या चुली पेटवल्या, असं म्हणतात. मध्ये छाती भरली नाही, कुणाशी बोलला नाही. माणसं दारांतून बाजूला होत गेली, जणू ती पलीकडच्या बाजूचे गडी आणि त्यांना धरायची हिंमत होत नाही. पाटलांची चूलही त्यानं पेटवली. पाटील भिंतीला टेकून उभे होते. अंगातल्या सदऱ्यात माणूसच उरला नव्हता.

शेवटचं घर आईचं. तिथं चुलीत राखेचा चिखल. सारजा लाकडं रचून बसलेली होती. ती गावाचा आवाज ऐकत होती, घरामागून घर, दारामागून दार. नावजी टेकला. चेहरा काळानिळा झालेला. छातीत उरलेलं सगळं त्यानं त्या ओल्या चुलीत ओतलं. बराच वेळ नुसता धूर. मग एक बारीक जीभ वर आली आणि लाकडाला चाटायला लागली. तेव्हा कुठं त्यानं श्वास घेतला.

"हरलास?" सारजेनं विचारलं.

"हरलो."

"मग जेव."

ती पीठ मळायला बसली.

गावाला वाटलं, आता हा पुन्हा उभा राहील. पोरं म्हणाली, "नावजीदादा, अशी चढाई केलीस, आता संस्थानाला दाखवून दे!" तो पुन्हा कधी खेळला नाही. त्याच्या तोंडून हुतूतू कुणी ऐकलं नाही. झडीच्या दिवसांत कुणाची चूल धरेना तर त्याला बोलावायचे, तो यायचा, फुंकर घालायचा, जायचा. खालच्या संस्थानात त्याचं नाव फसलेल्या गड्यासाठी वापरायला लागले. "अगदी नावजी निघाला," असं म्हणायचे. ते त्याच्या कानावर यायचं. आजही कुणी सांगतं, त्याला नजर लागली. कसली नजर! त्याच्यावर प्रेम करायची आपली रीत वाईट होती. एवढी छाती त्या डोंगरात पुन्हा जन्मली नाही. आणि मोकळ्या जिवानं एक डाव आपण तिला खेळू दिला नाही, याचं दुःख कातळवेढ्याला करायला लागतं. करू दे.

दर नागपंचमीला पोरं मैदानात रेघ ओढायची, तेव्हा म्हातारा नावजी बांधावर येऊन बसायचा. खेळाकडं पाठ, तोंड गावाकडं. एकच विचारायचा, "धूर निघाला का?" पोरं हसायची. पण तो हात वर करीपर्यंत खेळ सुरू करायची नाहीत. सगळ्या छपरांवर धूर दिसला की तो हात करायचा आणि मग उठून घरी जायचा.

तो गेला त्या वर्षी बांध रिकामा होता. पोरांनी रेघ ओढली, दोन्ही बाजू उभ्या राहिल्या, पहिला गडी चढाईला आला आणि थांबला. कुणी विचारत नव्हतं, तरी त्यानं मान वळवून गावाकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

आता तिथं गॅस आहे, पत्र्याची, स्लॅबची घरं आहेत. तरी नागपंचमीच्या सकाळी कातळवेढ्यात दारोदार तीन दगड मांडतात, चूल करतात, वर पुरणाची दिंडं उकडायला ठेवतात. लाकूड ओलं असलं की बाई फुंकणीला तोंड लावायच्या आधी नावजीचं नाव घेते. खेळणाऱ्या पोरांना आणि पाहुण्या संघाला आधी पंगतीला बसवतात. मग मैदानात सगळी उभी राहतात आणि पंच मोठ्यानं विचारतो, "धूर निघाला का?"

रेघेशी उभा असलेला गडी छपरं न्याहाळतो, वेशीपासून कडेपर्यंत. सारजेचं घर कधीच पडलं, तिथं नुसतं जोतं आहे, पण त्या जोत्यावरही कुणीतरी चूल मांडलेली असते. तिचा धूर दिसला, की मगच तो छाती भरतो.