कबरीवरची पाच फुलं

रशियात फुलंसुद्धा मोजून द्यावी लागतात. जिवंत माणसाला विषम, मेलेल्याला सम. यात चूक झाली की लोक मनाला लावून घेतात.

व्होल्गाकाठच्या एका शहरात मात्वेय गोरेलोव्ह हा विरोधी पुढारी तुरुंगात वारला. सरकारने त्याच्या कबरीवरही पोलीस पहारा बसवला. एके सकाळी गव्हर्नरसाहेब शेजारच्या हुतात्मा स्मारकाला हार घालायला आले. तेव्हा झिनाईदा ही निवृत्त शिक्षिका त्या कबरीवर फुलं ठेवत होती. साहेबांनी फुलं मोजली. पाच निघाली.

"वा, आजीबाई!" ते लवाजम्याकडे बघून हसले. "या विरोधकांना मतं जमवता आली नाहीत, आता फुलंही मोजता येईनात!"

लवाजमाही हसला.

"मी त्याच्या पक्षाची नाही, साहेब," झिनाईदा म्हणाली. "मत मी त्याला दिलंच नव्हतं. राज्यं बदलली, आमचे हाल बदलले नाहीत. हाही खुर्चीवर बसला की तुमच्यासारखाच होईल, असं वाटायचं. तो गेल्याचं कळलं म्हणून चार फुलं घेऊन आले, तर इथे बंदुका! मेलेल्या माणसाला एवढं कोण घाबरतं? म्हटलं, साहेबांना आतली बातमी असणार, तो जिवंतच असेल. परत जाऊन आणखी एक फूल आणलं."

तिने वाकून पाचव्या फुलावर बोट ठेवलं.

"माझं चुकलं असेल, तर तुम्ही पहारा उठवा. मी एक फूल उचलते."

गव्हर्नर गाडीत जाऊन बसले.

पहारा उठला नाही. फुलं पाचच राहिली.