लाल फडकी

"बाबा, अजून काय शिकायचं राहिलंय माझं?"

मृदुला गणोरकरनं हे विचारलं ते उत्तरासाठी नव्हे, शाबासकीसाठी.

माळरानावरच्या त्या पक्षी संवर्धन केंद्रात संशोधक म्हणून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. तणमोर मुळातच दुर्मीळ; त्यात मादी अंड्यांवर बसली की गवतातून वेगळी काढता येत नाही. तरी मृदुलानं चार घरटी शोधली होती. उद्या बाहेरगावचे अभ्यासक ती बघायला येणार होते.

लिंबाजीबाबा तिथले सगळ्यांत जुने राखणदार. तरुणपणी याच माळावर ते पाखरांना फासे लावायचे. पुढे फासे टाकून दिले आणि राखण धरली. केंद्रातले सगळेच त्यांना गुरू मानत.

"चल, दाखव," ते म्हणाले.

ती ताठ मानेनं पुढे झाली. कुणाचा पाय पडू नये म्हणून प्रत्येक घरट्याशेजारी तिनं काठी रोवून लाल फडकं बांधलं होतं.

पहिली काठी दिसताच बाबा लांबच थांबले.

"नजर आहे तुला, पोरी."

मृदुलाला आभाळ ठेंगणं झालं.

चौथ्या काठीवर कावळा बसला होता.

ती धावली. कावळा उडाला... सावकाश, पोट भरल्यासारखा. गवतात नुसती टरफलं उरली होती.

"याला कसं कळलं, बाबा?"

बाबांनी काठी उपटली आणि तिच्या हातात दिली.

"तरुणपणी मला कुणी अशा काठ्या रोवून दिल्या असत्या ना... तर हा माळ तेव्हाच रिकामा झाला असता."

घरट्यांच्या फार जवळ न जाता, हात लांब करून मृदुलानं उरलेल्या तिन्ही काठ्या काढल्या. परत आली तेव्हा डोळे भरले होते.

"उद्या पाहुण्यांना काय दाखवू?"

"माळ दाखव."

मृदुलानं काठ्यांवरची लाल फडकी सोडली.

"बाबा, राखणीला किती वर्षं झाली तुम्हाला?"

"एकवीस."

"मग आजवर किती घरटी शोधलीत?"

म्हातारा कंबर सरळ करून उभा राहिला. मुंडासं नीट केलं. एवढा अभिमान तिनं त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"एकसुद्धा नाही!"