शून्याचा दिवस

ही कथा प्रस्तुत लेखकाने गेल्या मार्गशीर्षात, वद्य पंचमीच्या दुपारी, एका कीटकसंग्रहालयाचे निवृत्त परिचर तुळाजी हेंद्रे यांच्याकडून ऐकली. त्यांनी ती एकदाच सांगितली. क्रम त्यांचाच ठेवला आहे.

एका वारुळाच्या राज्यात उजेड नव्हता. तिथे आपले कोण आणि परके कोण, हे वासावरून ठरे. दारावरच्या पहारेकरणी प्रत्येकीच्या अंगावरून मिशा फिरवत. घरचा वास असेल ती आत जाई, वेगळा येईल ती बाहेर राही.

राज्याच्या सीमेवर एक भुंगेरा राही. त्याच्या पाठीवरच्या केसांतून गोड थेंब पाझरे. कामकरणी शिणवटा जावा म्हणून तो थेंब चाटत. कोवळ्या मुंग्या, बाकीच्या चाटतात म्हणून. चाटणारीला आधी ओझ्याचा विसर पडे, मग वाटेचा, मग अळ्यांना भरवण्याचा. अळ्या उपाशी मरू लागल्या तेव्हा राणीचा हुकूम निघाला: थेंबाचा वास येईल तिला दारातूनच परतवावे, आणि परतवलेल्यांचा आकडा रोज मावळतीला सर्वांना ऐकवावा.

पहिल्या दिवशी चाळीस परतवल्या. त्यांत करडी होती. तिची धाकटी बहीण टिकली नुकतीच पहाऱ्यावर लागली होती. तिनेच तिला अडवले.

"अक्का, वास गेला की ये. मी इथेच आहे," एवढेच ती म्हणाली.

करडी दूरच्या बाभळीवर जाऊन राहिली. तिचे अंग थरथरे आणि पाय आपोआप भुंगेऱ्याच्या दिशेने वळत. तेव्हा ती सालीच्या भेगेत स्वतःला अडकवून घेई. येणाऱ्या-जाणाऱ्या मुंग्या आकडा सांगत: तीस, अकरा, चार. राज्य सुधारत होते, आणि आपल्यालाच उशीर होतो आहे याची तिला लाज वाटे. पुढे त्या वाटेने कुणी येईनासे झाले.

अंगाला फक्त मातीचा वास उरला, त्या दिवशी ती निघाली. सीमेवर भुंगेरा नव्हता. रिकामी जागा पाहून तिला हायसे वाटले. मात्र तिथून थेट दारापर्यंत काहीतरी जड ओढत नेल्याची चिकट, गोड वासाची रेघ होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना असंख्य पावले.

दारावर टिकली होती, आणि शेजारी थोराड पहारेकरीण गोदी. आतून ऊब येत होती. त्या उबेत तोच गोड वास होता, इतका दाट की जणू भिंतींनाच फुटला असावा. अळ्यांची चुळबुळ कुठूनच ऐकू येत नव्हती.

"कुठल्या गावची पाव्हणी ही?" गोदी म्हणाली. "आज शून्याचा दिवस आहे, बाई. आमचा आकडा बिघडवू नकोस."

"टिकले, मी करडी. वास गेला बघ."

टिकलीने तिच्या अंगावरून मिशा फिरवल्या. पुन्हा एकदा फिरवल्या. मग ती मागे सरली.

"बोलणं माझ्या अक्काचं आहे," ती गोदीला म्हणाली, "पण हिला वास येतोय."

मावळतीला आकडा ऐकवला गेला: एक.

त्या चिकट रेघेवर रात्र काढून दुसऱ्या दिवशी करडी पुन्हा दाराशी आली आणि तिला कुणीही अडवले नाही, असे हेंद्रे यांनी सांगितले. एवढ्या भागाला मात्र दुसरा आधार कुठेच मिळाला नाही.