फुलांचं आसन

झाडंसुद्धा बोलायची, तेव्हाची गोष्ट. रानाचा राजा होता हत्ती. तरसबाईला वाटे, हा मेला की गादी आपलीच! तिने खोल खड्ड्यावर काटक्या टाकल्या, वर फुलं पसरली आणि राजाला जेवायला बोलावलं.

"या राजेसाहेब, बसा ना फुलांवर!"

"अगं, रीत विसरलीस? आधी घरचं लेकरू बसतं, मग पाहुणा."

हे ऐकताच तिचं पिल्लू उड्या मारत फुलांकडे धावलं.

"थांब रे सोन्या! खाली खड्डा आहे!" तरसबाई किंचाळली.

राजाने सोंडेने पिल्लाला अलगद उचललं आणि तो खो खो हसला. "वाचलो बाई, आम्ही दोघंही!"

तरसबाईची मान वर होईना. पिल्लू मात्र सोंडेवर झुलत ओरडलं, "आई, राजाला रोज जेवायला बोलाव ना!"