बाटलीतलं गोडं पाणी

एका गावात, मिठागराच्या कडेला, चांगुणाबाय नावाची एक बाई राहत होती. तिच्याकडे चाळीस कोंबड्या होत्या. गोडं पाणी लांबून आणावं लागे, म्हणून ते आधी पाहुण्याला द्यायची गावाची रीत होती.

एकदा कोंबड्या मलूल झाल्या. दोन मेल्या. गुरांचे डॉक्टर सूक्ष्मदर्शक आणि पाण्याची एक बाटली घेऊन आले. ते हात धुवायला गेले, तेव्हा चांगुणाबायने त्यांच्या बाटलीतल्या पाण्यात करंगळी बुडवून चाखली. पाणी खारट होतं. तिला वाईट वाटलं. तिने ते ओतून दिलं आणि बाटलीत गोडं पाणी भरलं.

डॉक्टरांनी तीन कोंबड्यांच्या रक्ताचे थेंब बाटलीतल्या पाण्यात मिसळून काचेवर पाहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"तांबड्या पेशी सगळ्या फुटल्यात. साथ दिसते. कोंबड्या माराव्या लागतील."

"बाय, अंडी विसर आता," शेजारचा धाकू म्हणाला.

चांगुणाबायने हळूच विचारलं, "पेशी फुटतात कशानं?"

"रोगानं. नाहीतर साध्या पाण्यानं. पेशीच्या आत मीठ असतं. बाहेर साधं पाणी आलं की ते आत शिरत राहतं. पेशी फुगते आणि फुटते. म्हणून मी मोजून मीठ घातलेलं पाणी आणतो."

तिची नजर बाटलीवर गेली. अंगणात सगळी आळी जमली होती. बोललं तर हसं होणार होतं, गप्प बसलं तर कोंबड्या जाणार होत्या.

"डॉक्टर, बाटलीत मीच गोडं पाणी भरलं. म्हटलं, पाहुण्यानं खारं का प्यावं?"

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ मोजून घातलं, त्यात रक्ताचा नवा थेंब मिसळला आणि तिलाच बघायला सांगितलं. लांबट पेशी, प्रत्येकीच्या मधोमध एक ठिपका. एकही फुटलेली नव्हती. ती बराच वेळ डोळा लावून राहिली.

"मग कोंबड्या मलूल का?"

"पाणी कुठं पितात?"

"मिठागराच्या चरात. गोडं पाहुण्यांना लागतं ना."

"मग यांच्या अंगात उलटं होतंय. खारं पोटात गेलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मावशी, माझ्या बाटलीत भरलंत, ते यांच्या भांड्यात ओता."

चौथ्या दिवशी कोंबड्या धाकूच्या अंगणात शिरून त्याचे वाळत घातलेले तांदूळ टिपत होत्या.

तात्पर्य: चूक चांगल्या मनाने झाली असली, तरी ती लगेच सांगावी, लपवली तर शिक्षा भलत्यालाच होते.