तान्हूबाईचा आखूड दोर

प्रवरेपासून दोन कोस आत, खडकाळ माळाला टेकून उंबरदरे नावाचे लहानसे गाव होते. या गावी शांतवनबाबांनी आयुष्याची छत्तीस वर्षे काढली. बाबा ख्रिस्ताचे कीर्तनकार. हातात चिपळ्या, खांद्यावर घोंगडी आणि मुखी प्रभू येशूचे नाव. कोणाच्या घरी दुःख झाले की बाबा बोलावण्याची वाट पाहत नसत. जाऊन ओट्यावर बसत. फारसे बोलत नसत, पण घरच्यांना धीर येई. अशा बाबांच्या हातूनही एक चूक झाली होती. ती ते स्वतः कीर्तनात उभे राहून सांगत. तीच गोष्ट आज सांगायची आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गावात मातीच्या भिंतींचे प्रभूचे देऊळ होते. महिन्यातून एकदा तिथे प्रभुभोजन होई. बाबा भाकर मोडून वाटत आणि मनुका उकळून काढलेल्या रसाचा पितळी प्याला हातोहात फिरवला जाई. सगळी एका बापाची लेकरे, म्हणून प्यालाही सगळ्यांत मिळून एक. ऐकायला किती छान वाटते! पण त्या प्याल्याचा क्रम नथानेल मास्तरांनी ठरवलेला होता.

मास्तर शाळेत शिकवत. मंडळीचे पंचही तेच. गळा गोड, कोट स्वच्छ, आणि अर्धे शास्त्र तोंडपाठ. दुसरीकडे तान्हूबाई. ही विधवा बाई घायपाताचे दोर आणि केरसुण्या वळून पोट भरायची. मास्तरांचा आणि तिचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, एकाच ओढ्यात झालेला. पण ओढ्याचे पाणी वाहून गेले आणि ज्याच्या त्याच्या जातीचा वाडा जिथल्या तिथे राहिला.

मास्तरांनी बाबांना बजावले होते, "तिच्या ओठाला लागलेला प्याला आम्ही तोंडाला लावणार नाही. तिने सगळ्यांच्या शेवटी घ्यावा. नाहीतर आमची सात घरं उद्यापासून देवळात दिसणार नाहीत."

बाबा गप्प राहिले. मंडळी नवी होती, काडी काडी जमवून उभी केलेली. आज ना उद्या यांना आपोआप उमजेल, असे त्यांनी मनाशी म्हटले. बारा वर्षे गेली. उमजले कोणाला? कोणालाच नाही! तान्हूबाई दाराशी, जोड्यांजवळ गोणपाट टाकून बसे आणि सगळ्यांचे झाल्यावर प्याला तिच्याकडे येई.

तिला प्रार्थना अशी एकच येत असे. दोर वळता वळता ती मध्येच मान वर करून म्हणे, "बापा, हायेस ना रं?" बस्स, एवढेच. एकदा भरल्या मंडळीत मास्तरांनी तिला छेडले.

"काय गं तान्हे, बारा वर्षांत तुला प्रभूची प्रार्थना पाठ होईना! देव काय तुझ्या ओट्यावर बसलेला असतो?"

"बसतो की," ती सरळ म्हणाली. "दोर वळायचा म्हंजी पल्याडचं टोक कुणीतरी धराया लागतं, मास्तर. माझं हाय कोण? एक टोक मी धरती, दुसरं त्यो धरतो."

"असं होय! मग तुझे दोर एवढे आखूड का? देवाचा हात पुरत नाही वाटतं?"

सगळे खो खो हसले. तान्हूबाईही थोडी हसली. बाबा मात्र हसले नाहीत. पण बोललेही नाहीत!

त्यानंतरच्या साली पंचक्रोशीत गाठीचा ताप आला. घराघरांत उंदीर मरून पडू लागले. गावकऱ्यांनी घरांना कुलपे लावली आणि ओढ्याच्या अलीकडे माळावर झोपड्या घातल्या. ज्याच्या काखेत गाठ दिसेल त्याला ओढ्यापलीकडच्या झोपडीत ठेवायचे, असा पंचांनी नियम केला. तिकडे जो जाईल त्याने साथ सरेपर्यंत इकडे यायचे नाही. मग जाणार कोण? बाबा गेले. आणि बाबांच्या मागोमाग, काखेत घागर आणि खांद्यावर दोराचे वेटोळे घेऊन तान्हूबाई निघाली.

ओढ्याचे पाणी मेलेल्या उंदरांनी नासलेले होते; प्यायला म्हणून पलीकडे एक जुनी पडीक विहीर तेवढी होती. पाणी पार तळाला. तान्हूबाईचा दोर बारा हातांचा, आणि डोकावले तरी पाणी दिसेना. बाबांनी ओढ्याच्या काठावर येऊन हाक दिली, "मास्तर, देवळाच्या विहिरीचा लांब दोर तुमच्याकडे आहे. तेवढा टाका. माणसं पाण्यावाचून तडफडताहेत."

मास्तर म्हणाले, "बाबा, तो दोर तिच्या हाताला लागला की आम्ही पाणी कशाने काढायचं?"

अरेरे! तापाची भीती खरी होती, नाही असे नाही. पण मास्तरांनी 'तापाचा हात' म्हटले नव्हते. 'तिचा हात' म्हटले होते. काठावरच्या सगळ्यांनी ते ऐकले आणि आपापल्या झोपडीची वाट धरली.

बाबा विहिरीवर परतले. ऊन मी म्हणत होते. झोपडीतून "पाणी, पाणी" असा आवाज येत होता. तान्हूबाई दोराचे टोक हातात धरून नुसतीच उभी होती.

"बाबा, न्हाय पुरायचा वो."

बाबा म्हणाले, "तान्हूबाई, पलीकडचं टोक कोण धरतो?"

तिने दोर घागरीच्या गळ्याला बांधला. मग तिने मान वर केली, "बापा, हायेस ना रं?" म्हणाली आणि घागर आत सोडली. दोर सरसर गेला. बारा हात संपले, शेवटची गाठ तिच्या मुठीत आली, आणि त्याच क्षणी खालून घागर बुडाल्याचा आवाज आला! दोघांनी मिळून ओढली. घागर काठोकाठ भरलेली होती. धन्य तो प्रभू! बाबा तिथेच गुडघे टेकून रडले. तान्हूबाईला रडायला वेळ नव्हता. ती घागर घेऊन झोपडीत पळाली.

त्या झोपडीत सगळ्या गावची माणसे एका रांगेत पडलेली होती. रंभाबाई वाणीण कधी तान्हूबाईची सावली ओट्यावर पडू देत नसे. ती आता तान्हूबाईच्याच ओंजळीने पाणी प्यायली. मग हळूच म्हणाली, "तान्हूबाई, तुझ्या त्या बापाला माझंही नाव सांग गं."

"तुमीच सांगा की, काकू. त्यो काय माझ्या एकटीचा हाय व्हय?"

त्या दिवसापासून ती एका ओळीची प्रार्थना साऱ्या झोपडीत सुरू झाली. प्रभूचे नाव ज्यांच्या कानावर कधी पडले नव्हते, तेही कण्हता कण्हता "बापा, हायेस ना रं?" म्हणू लागले. काही जण वाचले, काही गेले. जे गेले तेही कोणीतरी हात धरलेला असताना गेले.

आठव्या दिवशी मास्तरांच्या एकुलत्या एका मुलीला, सात वर्षांच्या रूथला, काखेत गाठ आली. तिची आई पूर्वीच वारलेली. मास्तरांनी पोरीला उचलून ओढ्यापर्यंत आणले. पाण्यात पाऊल टाकले आणि तिथेच थबकले. पाय उचलेना. बाप असून उचलेना! तान्हूबाई पलीकडून आली आणि तिने रूथला त्यांच्या हातांतून घेतले. जाताना म्हणाली, "घाबरू नगा, मास्तर. मी हाय तिच्यापाशी." मास्तर रोज काठावर येऊन मोठ्याने शास्त्र वाचत. ओढा मात्र त्यांनी ओलांडला नाही.

रूथ अकरा दिवसांनी उठून बसली. त्याच दुपारी तान्हूबाई आडवी झाली. दोन दिवसांत तिचा आवाज पार बसला. बाबा उशाशी बसून म्हणाले, "बाई, मनात काही राहिलंय का?"

ती जरा लाजली. "काय न्हाय, बाबा. पोरगी इचारत हुती, देवळातला त्यो रस कसा लागतो म्हणून. मला सांगताच येईना. माझ्यापत्तुर येस्तवर प्याला कोरडाच असायचा. जीभ वली व्हायची, चव न्हाय कळायची. एक घोट मिळता तर पोरीला सांगितलं असतं."

बाबा उठले आणि धावत सुटले. म्हातारे पाय, अनवाणी. बंद पडलेल्या गावात शिरून त्यांनी देवळाचे कुलूप उघडले, मडक्यातल्या उरलेल्या मूठभर मनुका काढल्या, चूल पेटवली, रस उकळला. दोन्ही हातांत प्याला धरून, न सांडता, ते परत आले. तान्हूबाई गेली होती. रूथ तिचा हात धरून बसली होती.

बाबा पुढे कीर्तनात म्हणत, "विहिरीत पाणी देणं देवाचं काम होतं, ते त्यानं केलं. एका बाईला घोटभर रस देणं माझं काम होतं. त्यासाठी त्यानं मला बारा वर्षं दिली होती."

साथ ओसरली. मास्तर मुलीला न्यायला पलीकडे आले. रूथला तहान लागली होती. विहिरीच्या काठावर तान्हूबाईचा दोर आणि घागर तशीच पडलेली. मास्तरांनी घागर आत सोडली. दोर संपला आणि घागर अधांतरी लोंबकळत राहिली. त्यांनी खडा टाकला, तो बऱ्याच वेळाने पाण्यात पडला. त्यांनी स्वतःचा लांब दोर मागवून मोजले. पाणी वीस हातांवर होते.

"बाबा, ती कोणत्या दोराने पाणी काढायची?"

"याच."

"हा आठ हात कमी आहे!"

"तुम्हीच म्हणाला होता ना, आखूड आहे म्हणून," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मास्तरांनी घागर वर ओढून दोर सोडवला. दोर त्यांनी कपाळाला लावला. पण ज्या हातांनी तो वळला होता, ते हात मातीआड गेले होते.

गावात परतल्यावर पहिले प्रभुभोजन झाले. मास्तर आपल्या जागेवर गेले नाहीत. दाराशी तान्हूबाईचे गोणपाट अजून तसेच होते. त्यावर त्यांनी डोके टेकले आणि तिथेच बसले. बाबा प्याला आधी त्यांच्याकडे आणू लागले तर हात जोडून म्हणाले, "मला सगळ्यांच्या शेवटी द्या."

प्याला मंडळीभर फिरला आणि शेवटी मास्तरांच्या हाती आला. त्यांनी तो ओठाला लावला, वर केला, आणखी वर केला, पार पालथा केला. जिभेवर एक थेंब पडला.

"बाबा," ते म्हणाले, "एवढंच यायचं तिच्या वाट्याला?"

"एवढंच," बाबा म्हणाले.

मास्तर तिथेच, जोड्यांमध्ये, लहान मुलासारखे ओक्साबोक्शी रडले. त्यांना उठवायला कोणी पुढे झाले नाही, कारण सारी मंडळीच रडत होती.

ही कथा ऐकल्याचे फळ काय, असे कोणी विचारेल. फळ मला ठाऊक नाही. आज घरी जाल तेव्हा एवढेच बघा, तुमच्या घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवते, आणि तिच्यापर्यंत पातेले जाते तेव्हा त्यात काय उरलेले असते.